गोधडीचे पट्टे

मु. सावरपिंप्री, ता. पारोळा
कार्तिक वद्य पंचमी, शके १८८०

तीर्थस्वरूप नानांच्या चरणी धाकटी बहीण शेवंता हिचा डोकं टेकून नमस्कार. इकडे सगळी मंडळी जागच्या जागी आहेत, तिकडे शिंदखेड्याला तुम्हीही तसेच असाल असं धरून चालते. कुंदावहिनींचा गुडघा कसा आहे ते कळवावं. (एरंडाचं पान गरम करून बांधा म्हणून मागच्या पत्री लिहिलं होतं. वहिनींनी ते बांधलं नसणार हे मला ठाऊक आहे.) आमची कापसाची पहिली वेचणी झाली, दुसरी चालू आहे. यांची तब्येत ठीक. माझ्या उजव्या हाताची तीन बोटं सुजलेली आहेत, त्यामुळे अक्षर वाकडं आलं तर चौथीतली शेवंता बिघडली असं समजू नये. बोटं का सुजली तेच सांगायला हे पत्र लिहायला बसले. तुमच्या कानावर गावातून काही वेडंवाकडं आलं असेल, तर त्याआधी माझं ऐकून घ्या.

आमचा दुपट्या तुम्ही पाहिलेला नाही. तीन वर्षांपूर्वी पौषातल्या थंडीत हे कुत्र्याचं पिल्लू आमच्या गोठ्यात कुडकुडत पडलं होतं. हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून मी ते एका दुपट्यात गुंडाळलं, आणि तेव्हापासून त्याचं नाव दुपट्या. (ते दुपटं कोणाच्या बाळंतपणासाठी शिवलं होतं हे विचारू नका, तिला मी दुसरं दिलं.) माझी दुपारची सवय तुम्हाला माहीत आहे. भांडी घासून झाली की ओसरीवर जुनी लुगडी अंथरायची, आत धोतराचं अस्तर घालायचं, आणि धावदोरा घालत बसायचं. दुपट्या येतो तो बरोबर गोधडीच्या मधोमध बसतो. आधी मी त्याला हाकलायची. मग लक्षात आलं, की त्याच्या वजनानं कापड सरकत नाही आणि शेजारच्या भिकूबाईला ताण धरायला बोलवावं लागत नाही. भिकूबाई ताण धरते त्याच्या दुप्पट बोलते, हा तर बोलतही नाही. आता मी काठाकडून शिवत शिवत त्याच्यापर्यंत जाते, आणि फक्त त्याच्याखालची जागा उरली की भाकरीचा तुकडा दाखवते. या पद्धतीनं वर्षात सहा गोधड्या झाल्या. घरात माणसं दोन, गोधड्या अकरा. हे म्हणतात, आता गोधड्यांसाठी वेगळं घर बांधू.

दसऱ्याला एक फजिती झाली तीही सांगून टाकते, नाहीतर व्याह्यांकडून कळेल. आमच्या लेकीचे, लताचे सासरे न कळवता दारात आले. मी शिवत होते ती तशीच उठले आणि डोक्यावर पदर घ्यायला गेले, तर पदर गोधडीतच शिवला गेलेला. पाहुण्यांना सामोरं जायचं तर थांबून चालत नाही. मी तशीच पुढे गेले, मागून गोधडी ओढत आली आणि गोधडीवर दुपट्या जागचा न हलता बसून आला, जसा छकड्यात बसलेला पाटील. व्याह्यांनी रामराम केला. तो मला केला की त्याला, हे अजून ठरलेलं नाही.

तर मूळ गोष्ट. दसरा उलटल्यावर आमचे सरपंच मोतीलालशेठ दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत गुळाची ढेप आणायला गेले. तिथे एक कुत्रं झोपलं होतं. त्यांचा पाय शेपटीवर पडला आणि त्याचे दात त्यांच्या पोटरीत. धुळ्याला जाऊन पोटात चौदा सुया घ्याव्या लागल्या. मला त्यांची दया आली हे मी खरं लिहिते, कारण सुई टोचणं म्हणजे काय हे या गावात माझ्याइतकं कोणाला कळतं? पण शेठ परत आले ते दया घेऊन आले नाहीत. पंचायतीची बैठक झाली आणि ठराव झाला, की येत्या सोमवारी सकाळी ज्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा नसेल ते बेवारशी धरून त्याला गोळी घालण्यात येईल. बंदुकीचा परवाना असलेला मगन नावाचा शिकारी बाहेरगावाहून ठरवला. बैठकीत कोण काय बोललं ते मी विचारलं नाही आणि इथे लिहीतही नाही. दवंडी गुरुवारी पिटली. म्हणजे हातात दिवस चार.

मी लगेच चपला शिवणाऱ्या पुनाकडे गेले. तो म्हणाला, विहिरींच्या चामडी मोटा दुरुस्तीला आल्या आहेत, आठ दिवस मान वर करायला सवड नाही. मी घरी आले, दुपट्याच्या गळ्याला दोरी लावून माप घेतलं आणि बसले. जुन्या लुगड्याच्या सात घड्या एकावर एक, त्यावर धावदोरा, दाभणानं भोक, आणि यांच्या जुन्या कोटाचं पितळी बटण. (कोटाला आता एक बटण कमी आहे. यांनी ते अजून पाहिलेलं नाही.) पट्टा बांधला. संध्याकाळपर्यंत दुपट्यानं तो चावून खाल्ला, बटणासकट. दुसरा केला, त्याला मिरचीची पूड चोळली, तोही त्यानं शिंका देत देत खाल्ला. तिसरा कडुनिंबाच्या पाल्यात रात्रभर भिजवला. तो घातल्यावर दुपट्यानं एकदा चाटला, माझ्याकडे असं पाहिलं की मी त्याला सावत्र झाले, आणि जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. पण पट्टा राहिला.

शुक्रवारी भिकूबाईनं तो पट्टा पाहिला. तिच्या घरी दोन कुत्री. मग तिच्या जावेचं एक, मग धुरपदाबाईचं, मग ज्यांच्याशी मी वर्षभर बोलत नाही त्यांचंही. शनिवारी ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. कुत्री आपसात गुरगुरायची, बायका आपसात बोलायच्या, आणि मी मधे मापं घेत बसलेली. गळ्याची मापं घेताना मला गाव नव्यानं कळलं. ज्या घरची माणसं हाडकुळी त्या घरचं कुत्रं जाड, असं दोन ठिकाणी निघालं. ते का, हे मी बोलून दाखवलं नाही. चिंध्या शनिवारी दुपारी संपल्या. मग अकरा गोधड्यांतली एक उसवली, मग दुसरी. हे जेवायला आले, ओसरीकडे पाहिलं आणि म्हणाले, “हाई काय शे बठ्ठं?” मी म्हटलं, पट्टे. ते पाटावर बसले. भाकरी अर्धीच खाल्ली.

नाना, आता जे लिहायचं आहे ते मला पत्राच्या सुरुवातीलाच लिहायचं होतं, पण हात वळला नाही.

रविवारी दिवेलागणीला उखर्डू आला. शेतं राखणारा, एकटा माणूस, माळावर खोपटात राहतो, तुम्ही त्याला ओळखता. दारातच उभा राहिला आणि म्हणाला, “अक्का, मना काळूना गळा आजून मोकळा शे.” माझी बोटं तेव्हा सुजली होती, अंगठ्यातून रक्त येत होतं, आणि समोर चिंधी उरली नव्हती. मी त्याला सांगितलं, कापड संपलं, उद्या सकाळी ये, काहीतरी बघते. तो बरं म्हणून गेला. कापड संपलं होतं हे खोटं होतं. उरलेल्या गोधड्या उसवायला बोटं चालत नव्हती, पण पेटीत आईचं आमसुली लुगडं होतं, ते नुसतं फाडलं की झालं असतं. आपल्या दोघांत ती एकच वस्तू राहिली, आणि तुम्ही मोठ्या मनानं ती मला ठेवू दिली. ते कापायचं माझ्या मनात येऊन गेलं. मी मनाला म्हटलं, एका रात्रीनं काय होतं.

मगन उजाडतानाच माळाच्या बाजूनं गावात शिरला. पहिला बार मी चुलीपाशी ऐकला. काळू खोपटाच्या राखणीला होता, अनोळखी माणूस दिसल्यावर भुंकत पुढे गेला. त्याचं काम त्यानं केलं.

मी पेटी उघडली, लुगडं काढलं, कात्री घेतली आणि चावडीच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. मागून दुपट्या आला. मी लुगडं उभं फाडायला सुरुवात केली, आणि ज्यांचे गळे उरले होते त्यांना सांगावा धाडला. तेवढ्यात मोतीलालशेठ काठी टेकत आले, सोबत मगन आणि ठरावाची वही घेतलेला ग्रामसेवक. शेठनी आजूबाजूची कुत्री पाहिली. सगळ्यांच्या गळ्यात फुलाफुलांचे, चौकड्यांचे, काठांचे पट्टे.

“शेवंताबाई, पट्टा म्हणजे चामड्याचा,” ते म्हणाले. “ही चिंधी झाली.”

मी सुई थांबवली नाही. म्हटलं, “ठरावात चामडं कुठे लिहिलंय ते वाचून दाखवा.”

ग्रामसेवकानं वही उघडली, दोनदा वाचली, आणि घसा साफ करून सांगितलं की नुसतं ‘पट्टा’ असं आहे. शेठ म्हणाले, अर्थ समजून घ्यायचा असतो. मी म्हटलं, मी चौथी शिकले, मला लिहिलेलं तेवढंच समजतं. शेठ मगनकडे वळले. मगन बंदूक खांद्यावरून उतरवून पायरीवर बसला होता. तो माझ्या बोटांकडे पाहत म्हणाला, “मी गळामा पट्टा शे का तेवढं पाहस. कसाना शे, ते मन्हं काम नही.” मग त्यानं विचारलं, की सकाळी माळावर मारलं ते कुत्रं कोणाचं होतं. उत्तर मी दिलं. त्यानं बंदुकीतलं काडतूस काढून खिशात टाकलं. मग उठून आल्या वाटेनं न जाता दुसऱ्या वाटेनं गेला.

त्या दिवशी दुसरा बार झाला नाही. गावात आता बत्तीस कुत्री गोधडीचे पट्टे घालून हिंडतात. वहिनींनी दिलेलं हिरवं इरकली लुगडं भिकूबाईच्या दोन्ही कुत्र्यांच्या गळ्यात आहे, आणि वहिनींना सांगा, ते त्यांना शोभतं. गेल्या आठवड्यात शेठच्या घरच्या कुत्र्याचा चामडी पट्टा उंदरांनी कुरतडला. शेठनी गड्याच्या हाती निरोप पाठवला, मी गड्याला परत पाठवलं. मग शेठ स्वतः आले. मी माप घेतलं आणि त्यांच्यासमोर बसून शिवून दिला, कडुनिंबात न भिजवता. कुत्र्यानं तो खाल्ला म्हणून ते पुन्हा आले, तेव्हा भिजवून दिला.

पण उखर्डू माझ्या दारावरून रोज जातो आणि मान वर करत नाही. मी त्याच्यासाठी एक गोधडी घेऊन माळावर गेले होते. त्यानं ती हातात घेतली, घडी नीट केली आणि मला परत दिली. म्हणाला, “अक्का, गोधडी ऊब देस, पन भुंकस नही.” रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं. मी सगळा माळ चालून आले, दुपट्या माझ्या पुढे पुढे. त्या दिवशी मला त्याच्याकडे बघवेना.

तरी मी हात टेकलेले नाहीत. या माणसाच्या दारात पुन्हा काही भुंकेपर्यंत मी दुसरं काम काढणार नाही, हे तुम्हाला लिहून देते. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. चूक झाली ती पोटात घालावी. आईच्या लुगड्याबद्दल रागवायचं असेल तर इथे येऊन रागवा, पत्रातून नको.

तुमची,
शेवंता

ता. क. लुगड्याचा पदर तेवढा मी कापला नाही. तो तुमचा, नेण्याची व्यवस्था करावी.

ता. क. दुसरा. भुसाराच्या गाडीवाल्यानं सांगितलं, की तुमच्या खळ्यावरच्या कुत्रीला पाच पिल्लं झाली आणि त्यातलं एक काळं आहे. सगळं पत्र त्यासाठीच लिहिलं. ते काळं कोणाला देऊ नका. दिलं असेल तर परत मागा. कुणाकडून धाडायचं ते तुम्ही ठरवा, पण पौष लागायच्या आत.

(याखालचा मजकूर वेगळ्या हाताचा.)

रा. रा. रुपचंदभाऊंस तोतारामचा रामराम. हिने पाकीट चिकटवून पेटीत टाकायला माझ्याकडे दिले, तेव्हा आतले पत्र वाचले. तिने लिहिले ते सर्व खरे आहे. एक गोष्ट तिने लिहिली नाही. मी पंचायतीचा सभासद आहे, आणि ठरावाला पहिला हात मी वर केला. शेठच्या शब्दाबाहेर कसे जायचे म्हणून केला. तेव्हा आपल्या घरचे कुत्रे आठवले नाही असे नाही, आठवले होते. हे तिला दवंडीच्या दिवसापासून ठाऊक आहे. आजपर्यंत तिने मला एका शब्दाने विचारलेले नाही, आणि तुम्हालाही कळू दिले नाही.

पिल्लू कोणाबरोबर धाडू नका. मी स्वतः बुधवारच्या मोटारीने येतो. उखर्डूच्या खोपटापर्यंत ते माझ्याच हातून गेले पाहिजे. हिला मी पत्र वाचले हे कळवू नये. बाजाराला धुळ्यास जातो असे सांगून निघणार आहे. ती विश्वास ठेवणार नाही, पण शिदोरी बांधून देईल.