आईची टीम एकत्र आणताना

३ मे, रविवार
ताक्नाची शाखा मी सांभाळावी, असं फार्मसीचे साहेब पुन्हा म्हणाले. महिनाअखेर उत्तर हवं. माझी जायला काहीच हरकत नाही. पण इथून, कान्येतेहून, ताक्ना म्हणजे बसमध्ये रात्र आणि वर जवळजवळ अख्खा दिवस. बाबा गेल्यापासून आईला माझ्याशिवाय कोणी नाही. तिला सोबत मिळाली की मी निघालेच.

४ मे
उपाय सापडला. आईची शाळेतली व्हॉलीबॉल टीम! चाळीस वर्षांपूर्वी प्रांतात पहिल्या आलेल्या सहा जणी. सगळ्यांना शोधून एकत्र आणायचं. आईला सांगितलं तर घास हातातच राहिला. म्हणाली, "अगं लिझबेथ, कशाला उगाच? कुठे असतील त्या बायका आता, कोण जाणे." आवाज भरून आला होता. घास अडकला असेल तर माहीत नाही.

७ मे, गुरुवार
आई गुडघ्याच्या व्यायामाला दवाखान्यात गेली. सोबत येते म्हटलं. "तू आलीस की गुडघा लाजतो," म्हणाली. परतली ती घामाघूम, केसांत धूळ. पेशंटवर इतकी मेहनत घेणारे लोक हल्ली कुठे मिळतात!

१० मे
टीमची कॅप्टन नेलिदामावशी सापडली. बाजारात कोंबड्या विकते. ओळख करून दिली. "अय्या, एदेल्मिराची पोर! आहे का अजून एदेल्मिरा?" आणि हसतच सुटली. आनंदाचा धक्का बसला की असं होतं. बाकीच्यांचे नंबर तिनेच दिले, तोंडपाठ. काय ही स्मरणशक्ती!

१४ मे, गुरुवार
ठरलं. चोवीसला आमच्या अंगणात. फक्त जेवण. बॉल दिसता कामा नये, आईचा गुडघा आहे. ओळखायला सोपं जावं म्हणून प्रत्येकीच्या नावाची चिठ्ठी छातीवर लावायची. मला कसलंही टेन्शन नाही. आईने घरी मांडीवर बसवून अक्षरं शिकवली, तेव्हाच सांगितलं होतं, खोटं लिहू नये. म्हणून लिहिते: आहे. झोप नाही.
आई व्यायामाहून आली, करंगळीला पट्टी. दवाखान्यात जाऊन बोलणार. सोमवारी.

१८ मे, सोमवार
पाककृती बघण्यात दिवस गेला. पुढच्या सोमवारी.

२३ मे
साहेबांचा फोन. "आवाज येत नाही," म्हणून ठेवला. येत होता.

२४ मे
अकराचं आमंत्रण. मी दहापासून दारात. एक वाजता पाचही जणी एकाच रिक्षातून उतरल्या. वाटेत भेटल्या असाव्यात. चिठ्ठ्या लावल्या. मिठ्या झाल्या. रडलं कुणीच नाही, म्हणून मी रडले. सोरायदामावशीने रुमाल दिला.
भात-कोंबडी झाली, मग बिअर. मी कागदी पेले मांडले होते. कुणी ढुंकून बघितलं नाही. खुर्च्या गोल करून इथल्या रीतीप्रमाणे सगळ्यांत एक बाटली, एक पेला. आपलं आपण ओतायचं, बाटली शेजारणीला द्यायची, पिऊन उरला फेस जमिनीवर झटकायचा, पेला पुढे. चाळीस वर्षांनी हात किती सराईत! मी बघतच राहिले. तेवढ्यात सोरायदामावशी पेला धरून बोलायला लागली. सगळ्या ओरडल्या, "पेला आहे तो, माइक नव्हे! दे पुढे!" ती म्हणाली, "देते. आधी एदेल्मिराने कबूल करावं, गुरुवारी तिचा हात नेटला लागला होता. चक्क फाउल!"
 नेलिदामावशी कोंबडीचं हाड चोखायला लागली.
आई म्हणाली, "दोन वर्षं झाली गं. तुझे बाबा गेले, त्याच महिन्यात ह्या मला ओढून मैदानावर घेऊन गेल्या. तुला सांगणार होते. पण तू माझी एवढी काळजी करत होतीस. म्हटलं, पोरीला काहीतरी आधार असू दे."

२५ मे
मला संशय होताच. दवाखान्यात जायचं टाळलं ते उगाच नाही.

२८ मे, गुरुवार
आई व्हॉलीबॉलला गेली. उघडपणे. विचार केला. आता एक नाही, सहा जणींचे गुडघे आहेत. अशा वेळी मी ताक्नाला कशी जाणार? उद्या साहेबांना नकार कळवते.

३० मे
काल जमलं नाही. आज नकार द्यायला फोन हातात घेतला, तर नेलिदामावशी मापाची टेप घेऊन दारात. तिच्या घरी सून येतेय, जागा पुरत नाही. आईने माझी खोली मावशीला देऊ केली आहे. एप्रिलमध्येच. आईने विचारलं, "तुझी बस कधीची गं?" मावशी म्हणाली, "घाई नाही हं पोरी. मंगळवारपर्यंत चालेल."
सगळ्या बाजूंनी विचार करून मी ताक्नाला जायचा निर्णय घेतला. साहेबांना कळवलं.
दोघींनी पडद्यासाठी खिडकीचं माप घेतलं. मी स्टूल धरलं. कापड जाड घ्या म्हटलं. या खोलीत ऊन फार लवकर येतं.