भेटीची खोली

३ जून

चावली! मनगटाच्या वर, रक्त येईपर्यंत. निवाऱ्यात सात मुली, सगळ्या सोळा-सतराच्या, पण असे दात एकीचेच. अंगाने काडी आणि टोचायला सदा पुढे, म्हणून टाचणी. मी एवढंच म्हणाले, "फोन दे, वेळ संपली." आधी ताट भिरकावलं, मग आरसा फोडला, मग माझा हात. मागून मिठी घालून तिला घेऊन जमिनीवर बसले — वीस मिनिटं. ती लाथा झाडतेय, मी "आहे गं मी, आहे" म्हणतेय. शेवटी दमली. "ताई, तुमचं रक्त माझ्या ड्रेसला लागलं." जसं काही माझाच दोष!

४ जून

चार टाके. निवारा चालवणाऱ्या मोठ्या बाईंनी विचारलं, तक्रार करायची का? नको म्हणाले. नवरा भडकला — "एक दिवस डोळा फोडेल तुझा!" फोडेलही.

८ जून

भांडी घासताना टाचणी आपणहून बोलली. बाप पट्ट्याने मारायचा. बकलाच्या बाजूने. आई खिडक्या लावून घ्यायची, शेजाऱ्यांना ऐकू जायला नको. दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं सांगत होती. मग माझ्या टाक्यांकडे बघून, "खाजतं का?" एवढीच माफी. पदरात पडली ती घेतली.

१२ जून

बाप भेटायला येणार! वरून परवानगी आलीये. मोठ्या बाईंशी कडाडून भांडले. "कागद आहे त्याच्याकडे, मी काय करू? तू बस खोलीत तिच्याबरोबर."

१५ जून

सगळं लिहून ठेवते.

दुपारी तीनला आला. इस्त्रीचा शर्ट, साखरेसारखं बोलणं. पाच मिनिटं ठीक. मग "घरी चल" — "नाही येणार" — आणि त्याने तिचे केस धरून डोकं टेबलावर आपटलं. एकदा. पुन्हा. मी मध्ये पडले तर मला भिंतीवर ढकललं. लोखंडी खुर्ची हाताला लागली, घातली त्याच्या खांद्यात. कोसळला.

मोठ्या बाईंना इथपर्यंतच सांगितलं. पुढचं फक्त इथे. तो पडल्यावर मी थांबले नाही. हात वर करून "बस, बस" म्हणत होता. मी मारत राहिले. तोंडावर. बरं वाटत होतं — देवा, किती बरं वाटत होतं! टाचणीनेच खुर्ची हिसकावली. "ताई, मरेल तो!" दार उघडून रखवालदार आत आला, तेव्हा खुर्ची तिच्या हातात होती.

१७ जून

बापाचा जबडा मोडलाय. एक डोळा गेला. शुद्धीवर आलाय, पण त्याला काहीच आठवत नाही. नवऱ्याला सगळं खरं सांगितलं. त्याने उठून दार लावलं. मग, "तोंड उघडू नकोस. आपल्या पोरीचा विचार कर."

उद्या चौकशी. मी खरं सांगणार. ठरलं म्हणजे ठरलं.

१८ जून

टाचणीला माझ्याआधी आत बोलावलं. तिचा जबाब चौकशीच्या साहेबांनी मला वाचून दाखवला — "ताईंनी मला वाचवायला एकदाच मारलं. बाकीचं मी." आता तिला अठरा पूर्ण होईपर्यंत बंद सुधारगृहात ठेवतील.

"हा जबाब बरोबर आहे?" साहेबांनी विचारलं.

हो म्हणाले.