ताईचं घर डी बँडमध्ये का?

बनेद अल-गार, कुवेत
६ जानेवारी २००३

ती. रत्नमालाताईस रविकांतचा सा. न. वि. वि.

परवा सुखरूप पोहोचलो. विमान उशिरा आलं, बॅग त्याहून उशिरा. पण तू दिलेल्या लोणच्याची बरणी शाबूत निघाली. अर्धी मुलांनी संपवली.

आता मुद्द्याचं. तिथं असताना मी तीनदा विषय काढला, तीनदा तू चहा टाकायला उठलीस. म्हणून लेखी कळवतो. तुमचा कौन्सिल टॅक्स म्हणजे आपली घरपट्टीच. १९९१ साली घराची काय किंमत होती त्यावरून ए पासून एचपर्यंत बँड लावतात, आणि बँड जितका वरचा तितके पैसे जास्त. डोरोथीबाईंचं घर तुझ्या भिंतीला भिंत लागून, ते सीमध्ये. मी मुद्दाम गल्लीभर फिरून विचारलं. सगळी गल्ली सीमध्ये, तू एकटी डीमध्ये! एकाच बिल्डरनं एकाच वेळी बांधलेली घरं, मग तूच काय पाप केलंस?

हा उघड घोळ आहे. तक्रार मान्य झाली तर बँड उतरतो आणि त्र्याण्णवपासून जास्तीचे भरलेले पैसे परत मिळतात. भाऊजी गेल्यापासून तू या वयात पिवळा कोट घालून शाळेपुढे मुलांना रस्ता ओलांडून देतेस, आणि कौन्सिलला हक्काच्या पैशांचं दान करतेस. मला हे बघवत नाही.

अर्ज टाक, आणि टाकल्याचं कळव. लोभ आहेच, त्यात थोडी आज्ञाधारकपणाची भर घालावी.

तुझा,
रवी

*

लेस्टर
२१ जानेवारी २००३

चि. रविकांत यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुला चार दिवस विश्रांतीला बोलावलं होतं, तू माझ्या गल्लीची खानेसुमारी करून गेलास. कोपऱ्यावरचे पटेल काल विचारत होते, तुमचा भाऊ इन्कमटॅक्समध्ये आहे का म्हणून. मी काय सांगायचं त्यांना?

अर्ज मी करणार नाही. एकाची तक्रार गेली की ते लोक शेजारच्यांचीही घरं तपासतात म्हणे. उद्या माझा बँड उतरायच्या ऐवजी डोरोथीचा चढला तर? ह्यांच्या आजारपणात ती रोज दुपारी ह्यांच्याजवळ बसायची, म्हणून मला दोन घास खाता यायचे. तिला मी तोंड कसं दाखवू? तेव्हा हा विषय इथंच मिटव.

त्यापेक्षा दुसरं बोल. इथं टीव्हीवर रोज इराकचा नकाशा दाखवतात आणि त्याला खाली चिकटलेलं कुवेत दिसलं की मी टीव्ही बंद करते. नव्वद साली इराकनं कुवेत घेतलं तेव्हा पद्मजा लहानग्या सुशांतला घेऊन सुट्टीला माझ्याकडे आली होती म्हणून दोघं वाचली. तू मात्र तिकडे अडकलास. तू अम्मानला पोहोचल्याची तार येईपर्यंत माझं काय झालं होतं ते मला माहीत. ते पुन्हा नको. पद्मजाला आणि दोन्ही मुलांना इकडे पाठवून दे. मागची खोली रिकामीच आहे.

हट्ट करू नकोस. बाकी सर्व ठीक. प्रकृतीस जपावे.

तुझी,
ताई

*

बनेद अल-गार, कुवेत
१० फेब्रुवारी २००३

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून डोकं धरून बसलो. अगं, मी ऑफिसातून तुमच्या त्या खात्याला फोन लावला होता! तिथली बाई म्हणाली, शेजारच्यांचा बँड बरोबर असेल तर त्याला कोण हात लावतंय. म्हणजे डोरोथीबाईंचं तू उगीच पुढे केलं आहेस. मला सांग, इथं घरमालकाचा माणूस येतो, भाडं वाढलं म्हणतो आणि मी गुमान सही करतो, कारण भांडणं परवडत नाही. तुला सरकारनं भांडायला टेबल मांडून दिलंय, तर तू त्याच्याकडे पाठ करून बसली आहेस.

सही मालकिणीचीच लागते, नाहीतर मी केव्हाच उरकलं असतं. अर्ज मी स्वतः भरला आहे. बांधकामाबद्दलचा एक रकाना राहिला आहे, तो पद्मजाला विचारून भरतो आणि पाठवतो. तू फक्त सही करून पोस्टात टाक.

पद्मजाला आणि मुलांना पाठवण्याचं मात्र जमणार नाही. एकदा ती दोघं अख्खा हिवाळा तुमच्या घरी राहिली. भाऊजींनी एका शब्दानं जाणवू दिलं नाही, पण म्हणून माणसानं पुन्हा पुन्हा दुसऱ्याच्या गळ्यात पडायचं? इथं आम्ही तयारीत आहोत. जमियात, म्हणजे इथल्या सोसायटीच्या दुकानात, चिकटपट्टी संपली आहे. जी मिळाली त्यात गॅसहल्ल्याच्या भीतीनं आतल्या खोलीची खिडकी बंद केली. पाणी, बॅटऱ्या, डबाबंद हरभरे सगळं भरून ठेवलंय. शर्वरीची शाळा बंद व्हायची लक्षणं आहेत, त्यामुळे ती तेवढी खुशीत आहे.

आधी तुझे पैसे परत मिळू देत. राग मानू नकोस, पण सही कर.

तुझा,
रवी

*

बनेद अल-गार, कुवेत
२५ फेब्रुवारी २००३

ती. वन्संना पद्मजाचा सा. न. वि. वि.

तो अर्ज तुम्हाला येणार नाही, म्हणून हे पत्र.

परवा हे अर्ज घेऊन बसले आणि मोठ्यानं वाचून मला विचारू लागले, घरात कधी वाढीव बांधकाम केलं आहे का, केलं असल्यास केव्हा. मी कणीक मळत होते. सहज म्हणाले, मागची खोली ना, ती नव्वदच्या ऑक्टोबरातली, गवंड्यांना मीच तर चहा करून द्यायचे आणि सुशांत दिवसभर त्यांच्या वाळूत बसलेला असायचा. बोलून गेले आणि माझे हात थांबले.

तोवर मी आणि सुशांत तुमच्या खोलीत झोपत होतो, आणि तुम्ही दोघं बाहेरच्या खोलीत सोफा सरकवून. भाऊजींनी मला सांगितलं होतं की रेडिओ दुरुस्तीच्या सामानासाठी त्यांना केव्हापासून एक खोली हवीच होती. मी खरं मानलं. पण त्या खोलीत रेडिओचा एक स्क्रूसुद्धा कधी आला नाही, हे माझ्या आता लक्षात येतंय. गल्लीत तशी खोली फक्त तुमच्याच घराला आहे. आणि किंमत धरतात ती एक्क्याण्णवची, म्हणजे ती खोली धरूनच.

ह्यांना दोन मिनिटं काही कळलंच नाही. कळलं तेव्हा भयंकर चिडले. तुमच्यावर, भाऊजींवर, इतकी वर्षं गप्प राहिले म्हणून माझ्यावर, आणि शेवटी खिडकीची पट्टी नीट चिकटत नाही म्हणून पट्टीवर. मग चपला घालून समुद्राकडे निघून गेले. परत आले ते ट्रॅव्हल एजंटकडून, आमच्या तिघांची तिकिटं सांगून. प्लांटवरची ड्यूटी सोडून त्यांना स्वतःला येता येत नाही.

आम्ही मार्चच्या पहिल्या आठवड्यात येतो. दोन बँडमधल्या फरकाचे सगळे पैसे हे तुम्हाला पाठवणार आहेत म्हणे. त्यांना तुम्हीच आवरा, माझं ऐकत नाहीत. आणि वन्सं, तुम्हाला हे ठाऊक होतं का?

तुमची,
पद्मजा

*

लेस्टर
३० मार्च २००३

चि. रविकांत यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पद्मजा आणि मुलं मजेत आहेत, असं लिहिणार होते. पण मजेत कोणी नाही. पद्मजा टीव्हीपुढून हलत नाही. सुशांत मागच्या खोलीत आडवा होतो तर पाय पलंगाबाहेर येतात. रात्री बातम्यांच्या वेळी मात्र हळूच आईजवळ येऊन बसतो. शर्वरीशी मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तरं देते, आणि दोघींना आपलंच बरोबर वाटतं. फोनवर तू म्हणालास की सायरन झाला तरी तू वरच बसून राहतोस, खाली तळघरात उतरायचा कंटाळा येतो. हे ऐकून मला तुझ्या थोबाडीत द्यावीशी वाटली. इतकं अंतर आहे म्हणून वाचलास.

तुझा पैशांचा ड्राफ्ट मिळाला. तो याच पाकिटातून परत करते आहे. पुन्हा आला तर फाडीन.

हो, मला ठाऊक होतं. बँड लागले त्या साली ह्यांनीही तुझ्यासारखीच गल्ली पालथी घातली होती. अगदी तुझ्यासारखेच तणतणत अर्ज करून आले. उत्तर आलं की नवी खोली किंमत धरण्याच्या तारखेआधीची आहे, सबब बँड योग्य आहे. हे तुझ्या कानावर घालायचं नाही, असं मला बजावलं. तू तेव्हा नुकताच पुन्हा कुवेतला गेला होतास, सगळं शून्यातून मांडत होतास. म्हणून मी डोरोथीला मध्ये घातलं. बिचारीला पत्ताही नाही.

ते उत्तर वाचून हे चिडतील असं मला वाटलं होतं. चिडले नाहीत. कागद घडी करून ठेवला आणि म्हणाले, ऑफिसवाल्यांचं बरोबर आहे, त्या खोलीनं आपल्या घराची किंमत वाढली खरी.

तेव्हा भरपाई कशाची करतोस? आता सायरन झाला की निमूट खाली जायचं. माझ्यावर चिडायचं असेल तर तिथं बसून चीड. दर आठवड्याला पत्र टाकावे, दोन ओळी चालतील.

तुझी,
ताई