पहिली शेगडी कुणी पेटवायची

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, ४ नोव्हेंबर

चि. विरेश यास आत्याचे आशीर्वाद.

फोनवर तू दर वाक्याला बघू बघू म्हणतोस, म्हणून तुझ्या पुण्याच्या दुकानासाठी निघालेल्या कडक भाकरीच्या खोक्यातच हे पत्र घालते. खोकं उघडलंस की वाचावं लागेलच.

जाताना कारखान्याची किल्ली माझ्या हाती दिलीस. कंपनीला दोन वर्षं झाली, पण वेळेचं भान अजून लग्नघरासारखं. मी साडेआठला कुलूप काढते. नऊला यायच्या बायका साडेदहापर्यंत दिसत नाहीत. मंद्रूपहून एसटीने येणारी शिवलीला परवा चौकात चहाच्या गाडीपाशी उभी होती. म्हणजे सोलापुरात वेळेवर पोचते आणि कामावर येत नाही. विचारलं तर मान खाली घालून म्हणाली, येते की बाई, आणि तुझी बायको सिद्धेश्वरी स्कूटरवरून आली तेव्हा तिच्या मागोमाग आत शिरली. बाकीच्याही तशाच. काल पुण्याची गाडी अर्ध्या मालावर गेली.

उद्यापासून नऊनंतर फाटक बंद. उशीर करेल तिचा अर्धा दिवस कापणार. शिवलीलेला शेवटची ताकीद दिली आहे. मागाहून मऊ बोलायला येऊ नकोस.

गाडीवर हेल्मेट घालत जा. सर्वांस यथायोग्य.

तुझी आत्या,
जगदेवी


पुणे, ७ नोव्हेंबर

ती. आत्यास शरणु शरणार्थी.

पत्राला शेंगाचटणीचा वास होता, पण वाचताना तुझा गणिताचा तास आठवून घाम फुटला. शाळेतून रिटायर झालीस, छडी मात्र घेऊन आलीस.

आत्या, फाटक बंद करू नकोस. कंपनी नवी आहे, बायका घरच्यासारख्या आहेत. वेळेवर येणारीला महिनाअखेर साडी द्यावी, असं इथला एक मित्र सुचवतो. नाहीतर साडेदहाचीच वेळ ठेवली तर? सिद्धेश्वरी बसूला शाळेत सोडून तेव्हाच पोचते. तूही सकाळच्या थंडीत गुडघे कशाला दुखवतेस? सावकाश येत जा.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा विरेश


सोलापूर, ११ नोव्हेंबर

चि. विरेश,

आशीर्वाद आज राखून ठेवते.

शनिवारी शिवलीलेला कामावरून काढलं. फाटकावरूनच परत पाठवलं. संध्याकाळी ती घरी आली, दारातच उभी राहिली. म्हणाली, बाई, मी लई लवकर येते, पण तुमच्यासमोर नुसतं बसायचं कसं? तुमी इचारणार, शेगडी का पेटवत न्हाय. मालक जाताना सांगून गेलेत की सिद्धेश्वरीवैनी आल्याबिगर पहिली शेगडी पेटवायची न्हाय. मी विचारलं, मी तिथं असताना का नाही? तिनं मग आपल्या मोकळ्या कपाळाला हात लावला. तिचाही नवरा गेल्या वर्षी वारला. तेव्हा मला उमगलं.

कुलूप मी काढायचं, माल मी मोजायचा, गाडी मी लावायची. विस्तव मात्र विधवेच्या हातचा नको. आणि हे मला सांगायची हिंमत नाही, म्हणून कामाच्या बायकांना सांगितलंस. माझ्या तोंडावर बोलावं लागू नये म्हणून त्या चौकात थंडीत उभ्या राहिल्या आणि मी त्यांना कामचुकार म्हणत राहिले. साडेदहाची वेळ का सुचवलीस, तेही आता कळलं. माझ्या गुडघ्यांची काळजी पुन्हा लिहू नकोस.

आमचे हे गेले तेव्हा माझ्या गळ्यातलं इष्टलिंग कुणी काढून घेतलं नाही. आपल्या लिंगायतांत ते मरेपर्यंत राहतं. बसवजयंतीला स्टेजवर उभा राहून आपल्यात विटाळ नाही, सूतक नाही असं बोललास, तेव्हा पहिल्या रांगेत मी टाळ्या वाजवत होते.

शिवलीलेला परत बोलावलं आहे. कापलेले अर्धे दिवस सगळ्यांना भरून देणार आहे. तू स्वतःच्या अक्षरात बायकांना लिहून कळव की तुझी ती सूचना रद्द. नाहीतर पुढच्या खोक्यात किल्ली येईल.

जगदेवी


पुणे, १३ नोव्हेंबर

ती. आत्यास शरणु शरणार्थी.

काय लिहू? आईने सांगितलं आणि मी मान डोलावली. नवा धंदा, एखादी ऑर्डर बुडाली तर त्याचं खापर तुझ्यावर फुटेल, ही भीती. तुझ्याशी बोलायचं धाडस नव्हतं. चुकलो.

चिठ्ठी सोबत आहे. उद्यापासून पहिली शेगडी तूच पेटव. फक्त आईला इतक्यात कळू देऊ नकोस, मी आल्यावर समजावीन.

पाया पडतो. किल्ली पाठवू नकोस.

विरेश


सोलापूर, १६ नोव्हेंबर

चि. विरेश यास आशीर्वाद.

चिठ्ठी सगळ्या बायकांसमोर वाचून दाखवली. तुझ्या आईलाही बोलावून खुर्चीवर बसवलं होतं. एकीपासून लपवून दुसरीला सांगायची तुझी सवय या घरात आता बंद. माझ्या या वहिनी ऐकून उठून गेल्या. मला जेवायला वाढतात, बोलत नाहीत. चालेल.

शेगडीचा मान मला नको. उपकार म्हणून दिलेला तर मुळीच नको. मी नियम केला आहे: जी आधी येईल तिनं पेटवायची, कपाळ न बघता.

काल मी कुलूप काढायला गेले तर शिवलीला पायरीवर बसलेली. दोन काड्या वाया गेल्या तिच्या. वैनीची वाट बघू का, असं तिनं तिसऱ्यांदा विचारलं. मी म्हटलं, नऊ वाजलेत. तिनं पेटवली. पहिली भाकरी तिचीच निघाली आणि बाकीच्या बायका पदर खोचून बसल्या. गाडी पूर्ण भरून गेली.

सिद्धेश्वरी साडेदहाला आली. तिचा अर्धा दिवस कापला आहे.

माया आहे तिथंच आहे. राग उतरला की कळवीन.

तुझी आत्या,
जगदेवी