खंडेनवमीला हायड्रोजनसमोर उदबत्ती

पुणतांबा,
दसऱ्याचा दुसरा दिवस

साडूबुवा गहिनीनाथ यांस पुंजारामचा मनापासून रामराम.

खर्ड्याकडे सगळं ठीक असेल. तुमचा गुडघा आणि आमची मेहुणी मनकर्णाबाई, दोघंही वेळच्या वेळी कुरकुरत असतील. इकडे मी बरा आहे, म्हणजे अन्न गोड लागतं, पण पोटात जळतं. ते जळणं तुमच्या सुकन्येमुळं आहे, स्पष्टच लिहितो.

तुम्ही पोरीला शिकवलंत, आमच्या बायोगॅस प्लँटवर नोकरीला धाडलंत, आमच्याच घरी ठेवलंत, आनंद आहे. पण अठ्ठावीस वर्षं पाइपाची गळती मी नाकानं आणि साबणाच्या फेसानं शोधली. आता ही डब्याएवढं यंत्र खांद्याला अडकवून फिरते. त्याच्या पोटात हायड्रोजनची बारीक ज्योत असते, आणि माझ्या नाकाला कळायच्या आत त्याचा काटा हलतो. लोक माझ्यादेखत तिला विचारतात, "मॅडम, इथं गळतंय का?" घरी तर (तुमच्या मेहुणीला जरा समजवा) तुपाची वाटी आधी तिच्याकडं जाते. माझ्या भाकरीपाशी येईतो वाटीला नुसता वास.

यंत्रातला हायड्रोजन संपला की मोठ्या टाकीतून भरायचा, आणि त्याची परवानगी एकट्या तिला. साहेब म्हणाले, दिवाळीनंतर ज्याला भरता येत नाही त्यानं लाइनवर फिरायचं नाही, फाटकावर बसायचं. मी आणि फाटकावर!

म्हणून खंडेनवमीला ठरवलं, पोरगी यायच्या आत यंत्र भरून पूजेत मांडायचं. टाकीच्या तोंडची टोपी सोडायला पाना लावला. जितका जोर लावावा तितकी ती घट्ट. (हायड्रोजनच्या टाकीचे आटे उलटे असतात. कुणी सांगायला नको?) वाटलं, पूजेआधी हात लावला म्हणून देव कोपला. टाकीला झेंडूची माळ घातली, उदबत्ती धरली, काडी ओढणार तोच सुकन्येनं काडेपेटी हिसकून कलशात बुडवली.

"काका, ह्याचा जाळ उन्हात दिसत न्हाई! मिशी गेल्यावर कळंल तुमाला."

"अगं, पूजा हाय."

"मग लांब लिंबाखाली करा. हितं न्हाई."

फिटर वाल्मिक म्हणतो, "पुंजारामभाऊ, टाकीला नवस बोलला व्हता का?" सगळे खो खो हसले.

मग तिनं माझ्यासमोर भरलं. यंत्र बंद, ज्योत विझलेली, मोबाईल लांब, मोकळी हवा. नळी जोडली, चावी केसभर फिरवली, डोळा दाबाच्या काट्यावर. काटा खुणेला आला की आधी टाकी बंद, मग नळीतला दाब सोडायचा, मगच नळी काढायची. पण टाकी उघडल्या उघडल्या म्हणाली, "काका, सांध्याला फेस तुमी लावा. तुमच्यागत बुडबुडा कुनाला दिसत न्हाई." लावला. मोहरीएवढा एक बुडबुडा आला, तो मलाच दिसला. तिनं टाकी बंद केली, सांधा पुन्हा आवळला, आणि लगेच साहेबांना जाऊन सांगितलं, काकांची परीक्षा घ्या, ते भरतील. म्हणजे चांगुलपणातही तीच पुढं! सांगा, माणसानं जळावं का नाही?

तेव्हा साडूबुवा, पोरीला परत बोलवा. एका चुलीवर दोन तवे बसत नाहीत.

तुमचा करपलेला साडू,
पुंजाराम

ता. क. पोरीला पुण्याकडच्या मोठ्या प्लँटचं बोलावणं आलंय. अडवू नका, तिथं तिचं नाव होईल. वर लिहिलेलं मनावर घेऊ नका.

दुसरा ता. क. ती कोजागिरी झाली की निघते म्हणते. माझी परीक्षा वसुबारसेला आहे. तेवढे बारा दिवस तिला काहीतरी कारण काढून इथंच थांबवा. ती शेजारी उभी असली की माझा हात चुकत नाही. माझं नाव मात्र घेऊ नका. मी तिला तोंडावर सांगून बसलोय, "खुशाल जा, माझं काही अडत न्हाई."