सात शार्पांचं पान

३ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद.

तू मांडलेलं गाणं परवा तालमीत वाजवलं. चाल अर्ध्या स्वराने चढवल्यामुळे गाणारीण खूश आहे. मी मात्र दुसऱ्या पानाच्या चौथ्या ओळीत तीनदा अडखळलो. व्हायोलिनवर बोटं नुसती थिजली. तेवीस वर्षं वाद्यवृंदात व्हायोलिनच्या पहिल्या खुर्चीत बसतोय, असं कधी झालं नव्हतं.

बाबांचं असंच सुरू झालं होतं ना? आधी पियानोवर हात थबकले, मग वर्षभरात ते तुझी-माझी नावंही विसरले. मला फार भीती वाटते गं. तुझ्या वहिनीला बोललेलो नाही, ती घर डोक्यावर घेईल.

माया पातळ न करता लगेच लिही.

तुझा,
दादा

७ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी घाबरले, मग कपाळावर हात मारला. अरे, चूक माझी! चाल चढवली आणि प्रत्येक ओळीच्या आरंभी सात शार्पच्या, म्हणजे सूर चढवायच्या, खुणा ठोकून दिल्या. एकूण एक स्वर चढवून वाचायचा, मग माणूस अडखळेल नाहीतर काय? तेच सूर पाच फ्लॅटांत, पाचच स्वर उतरवून, मांडता येतात, वाचायलाही सोपे. माझ्या मास्तरांनी असं पान तोंडावर फेकलं असतं. बासरीवाल्या मावशीही दोनदा घसरल्या, त्यांचा फोन आला होता.

नवी पानं सोबत आहेत. बाबांचं आजारपण उगाच अंगावर ओढून घेऊ नकोस.

या वेंधळीवर लोभ असू दे.

तुझी,
धाकटी

१४ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद.

पानं सुरेख झालीत. मावशी पहिल्याच फटक्यात वाजवून मोकळ्या झाल्या. सगळ्यांनी तुझं कौतुक केलं.

मी त्याच ओळीत थांबलो. खुणा दिसत होत्या, कळत होत्या, पण पुढे काय करायचं ते सुचेना. आता दोष द्यायला तुझे सात शार्पही उरले नाहीत. हसून वेळ मारून नेली.

काल तुझ्या वहिनीला सांगितलं. ती ओरडली नाही, नुसती शेजारी बसून राहिली. त्यानेच मी जास्त घाबरलो.

तू मनाला लावून घेऊ नकोस. पान स्वच्छ होतं म्हणून तर कळलं. शनिवारी डॉक्टरांकडे जायचंय. बाबांचं कसं कसं होत गेलं ते विचारतील, आणि मला ते धड आठवत नाहीये. तू सांग.

माया आहेच, ती घेऊन शनिवारी सकाळी नऊच्या आत इकडे पोच.

तुझा,
दादा