माळावरच्या चार मेखा

मौजे नांदूरघाट,
चैत्र वद्य पंचमी, शके १८४१

चिरंजीव शहादेव यास थोरल्या गहिनीनाथचा पोटभर आशीर्वाद. इकडे सगळे जागच्या जागी आहेत. तुझी वहिनी बरी, काळी गाय बरी, माझा गुडघा कुरकुरतो, पण तो काही आजचा नाही. तुझं फाल्गुनातलं पत्र पोचलं. रिसाल्याच्या नेजाबाजीच्या चमूत तुझी निवड झाली हे वाचून मी चावडीवर गूळ वाटला. भाला घेऊन घोड्यावरून खेळतात एवढंच तू लिहिलं होतंस. भाला मारतात कशाला, ते लिहिलं नव्हतंस. शेजारी बसलेला आसाराम म्हणाला, "डुकराला मारत आसतील." मी हो म्हणून टाकलं. थोरल्या भावाला सगळं ठाऊक असावं लागतं.

पाण्याचं विचारशील तर पाणी नाही. माय गावातल्या बायांबरोबर नदीच्या वाळूत खड्डा उकरून बसते आणि झिरपेल तेवढं वाटीनं घागरीत भरते. या वयात तिनं जाऊ नये, पण तिला सांगायचं कुणी? तू असतास तर तुझं ऐकलं असतं. माझं ती कधीच ऐकत नाही.

दिवाळीत कचेरीतला कारकून येऊन सांगून गेला होता, की आपण भरलेल्या पट्टीच्या पैशातून गावाला विहीर मंजूर झाली आहे. तेव्हापासून सारं गाव त्या विहिरीवर जगत होतं. मागच्या पंधरवड्यात खरंच गाड्या आल्या, वडार आले, पहारी आल्या. थोरल्या माळावरचे धोंडे वेचा, जमीन सारखी करा, असा हुकूम झाला. आपल्याच विहिरीच्या कामाला नाही कोण म्हणणार? बाया पोरं काखेत घेऊन धोंडे वेचायला गेल्या. मीही गेलो, गुडघ्यासकट.

मग त्यांनी माळावर ओळीनं चार मेखा ठोकल्या, चुना लावून पांढऱ्या केलेल्या. आपल्याकडची रीत तू विसरला नसशील. पाणाड्या जागा दाखवतो, तिथं खुंटी ठोकतात, हळदीकुंकू वाहतात, आणि पाणी लागेपर्यंत ती खुंटी कुणी ओलांडत नाही. आम्ही मागितली होती एक विहीर आणि इथं खुंट्या चार! विठ्ठलराव पाटील म्हणाले, "सरकार लई मोठ्या मनाचं हाय." दुसऱ्या दिवशी उजाडताच बायांनी चारही मेखा पुजल्या. मायनं शेवटच्या मेखेला लाल दोरा बांधला आणि घागरीतलं ओंजळभर पाणी तिच्यावर ओतलं. त्या पाण्यासाठी ती किती वेळ वाळूत बसली होती ते मला माहीत आहे.

ऊन चढायच्या आत शामियाना उभा राहिला. पाठोपाठ पखाली आल्या. घोड्यांच्या नाकात धूळ जाऊ नये म्हणून माळावर पाणी शिंपडायला लागले. शहादेव, जमिनीवर पाणी! बायांच्या डोळ्यांदेखत. मी कारकुनाला गाठलं. तो म्हणाला, "विहिरीचा पैसा या मैदानालाच लागला. हैदराबादेत मोठी शर्यत हाय, तिची तालीम हितं व्हायची, रिसाल्याचं नाव राखायचं हाय. विहिरीचं पुढल्या साली बघू." हे तो सुपारी कातरत म्हणाला. मी तिथंच मातीत बसलो.

तेवढ्यात चार स्वार भाले खाली रोखून, मेखा टोकावर उचलायला एका ओळीत सुटले.

त्यातला एक जवळ येताच चमकला. त्यानं लगाम खेचला, खाली उतरला आणि मायला म्हणाला, "अम्मा, ये कायकू पूजा करे? ये तो हमारे खेल की मेख हाय, बावडी की नै." पाशा नाव त्याचं. नंतर त्याला सगळ्यांसमोर शिव्या बसल्या. दुसऱ्याचा भाला हुकला. तिसऱ्याची मेख अर्ध्यात निसटली. चौथ्यानं मात्र शेवटची मेख मुळासकट उचलली. मायचा लाल दोरा भाल्याच्या टोकावर फडफडत गेला आणि शामियान्यात टाळ्या पडल्या.

त्या स्वाराचं तोंड धुळीनं माखलं होतं. मी ओळखलं नाही, असं मी गावाला सांगितलं. हे पत्र लिहायला बसलो तेव्हा तुलाही तेच सांगणार होतो. तू हैदराबादेतच आहेस असं धरून मी वर एवढं सगळं लिहिलं. पण मायच्या डोळ्यांना कोण फसवणार? ती म्हणाली, "डावा खांदा पाडून बसतंय. आपलं शहादेव हाय ते."

बाबा, मेखेवरचं कुंकू तुला दिसलं नाही का? बायांमध्ये माय उभी होती, ती दिसली नाही का? पाशाला दिसलं. तो कुठला, आपला कोण? संध्याकाळी तुम्ही वेशीवरून चौसाळ्याच्या तळाकडे गेलात. आपलं घर वेशीपासून हाकेवर आहे. मी दारात उभा होतो. तू मान वळवली नाहीस. लाजेनं असेल, असं मी स्वतःला समजावतो आहे. तसं नसेल तर मला कळवू नकोस.

आता एक काम सांगतो. वडार अजून चौसाळ्याच्या तळावर आहेत. पहारी आणि सुरुंगाची दारू त्यांच्याजवळच आहे. तुझ्या सरदारानं शब्द टाकला तर ते पावसाआधी इथं विहीर खोदतील. मेख तू उचललीस, आज तुझ्यावर त्याची मर्जी आहे. त्याला विचार. असं विचारलंस तर चमूतून तुझं नाव कापतील हे मला कळतं. कापू देत. लहानपणापासून तुला घोड्याचं वेड, आणि ते वेड मीच पुरवलं, हे मी विसरलो नाही. तरी विचार.

मायला विचारलं, तुझ्याकडून काय लिहू? आधी म्हणाली, "कायी नको." मग उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "त्याला लिव्ह, घर तुझंच हाय. भाकर हाय, कवाबी ये. फकस्त पानी वाटंत पिऊन ये. माझ्या हातचं मागू नको."

हे तिचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं आहे. त्यात माझं एक अक्षर नाही.

तुझ्यावर रागावलेला आणि तरी तुझाच,
दादा